संगणकशास्त्राचा पहिला पाठ आणि आपली पेढी

गेल्या दहा-अकरा वर्षांत आपल्या व्यापाराचा कारभार पाहता पाहता संगणकाच्या स्वाधीन झाला आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजाराचा, म्हणजेच ई-नामचा, आरंभ झाला आणि अनेक बाजार समित्यांतील लिलाव पडद्यावर होऊ लागले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि त्याची विवरणपत्रे संगणकावाचून भरता येईनाशी झाली. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिलाचे बंधन आले. रोजमेळ आणि खतावणी तर त्यापूर्वीच बहुतेक पेढ्यांवर लाल कापडी बांधणीच्या वह्यांतून निघून यंत्रात जाऊन बसली होती.

इतके होऊनही साठी ओलांडलेले आपल्यापैकी बहुतेक व्यापारी "ते मुलांचे काम" असे म्हणून संगणकापासून दूर सरतात. मालाची पारख, उधारीची पारख, माणसाची पारख यांत ज्यांचा हात कोणी धरणार नाही, तेच गृहस्थ पडद्यावर उमटलेली बेरीज मात्र मुकाट्याने मान्य करतात. ज्या यंत्राच्या आकड्यांवर पेढीची पत अवलंबून आहे, ते यंत्र आकडा मांडते कसा, हे मालकास ठाऊक असावे की नसावे? असावे, असे माझे मत आहे. आणि मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या व्यापाऱ्यास ते समजण्यासारखे आहे, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

अभ्यासक्रमाची ओळख

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात संगणकशास्त्राची तोंडओळख करून देणारा 'सी. एस. ५०' नावाचा एक अभ्यासक्रम आहे. प्राध्यापक डेव्हिड मॅलन हे २००७ पासून तो शिकवीत आहेत. २०१२ पासून तो 'एडएक्स' या संस्थेमार्फत इंटरनेटवर साऱ्या जगास खुला झाला असून व्याख्याने ऐकण्यास पैसे पडत नाहीत. मॅलन स्वतः हार्वर्डमध्ये आले ते राज्यशास्त्र शिकण्यासाठी. १९९६ मध्ये त्यांनी हाच वर्ग विद्यार्थी म्हणून केला, तेव्हा तो ब्रायन कर्निघन शिकवीत होते, आणि तेथून त्यांची वाट बदलली. वर्गात बसणाऱ्यांपैकी पुष्कळांनी पूर्वी हा विषय शिकलेला नसतो, हे गृहीत धरूनच पाठांची रचना केलेली आहे. शेजारचा विद्यार्थी किती पुढे गेला हे न पाहता, आरंभी आपण कोठे होतो आणि आता कोठे आहोत हे पाहावे, अशी त्या वर्गाची शिकवण आहे. उतारवयात शिकू पाहणाऱ्यास हे मोठेच आश्वासन होय.

प्रस्तुत लेखक मॅट्रिक होऊन बेळगावच्या बाजारात धान्याच्या पेढीवर बसला, त्यास आता पंचेचाळीस वर्षे होत आली. महाविद्यालयात जाणाऱ्या नातीबरोबर त्याने हा अभ्यासक्रम केला. व्याख्याने इंग्रजीत असली तरी बोललेले शब्द पडद्यावर खाली उमटतात. शेजारी शब्दकोश असला म्हणजे काम भागते. तरुण विद्यार्थी जे तीन-चार महिन्यांत उरकतात त्यास आम्हांस सात महिने लागले. त्या सात महिन्यांत जे हाती लागले त्यातील व्यापाऱ्याच्या उपयोगाचा भाग पुढे देत आहे.

पायली-मापट्याचे गणित

पहिल्या पाठास तेथे 'शून्यावा पाठ' म्हणतात, कारण संगणकाची मोजणी शून्यापासून सुरू होते. या पाठात प्रथम सांगतात ते हे की, संगणकास दहा अंक ठाऊक नाहीत. दोनच ठाऊक आहेत, शून्य आणि एक. दिवा विझलेला किंवा लागलेला, इतकेच. मग एवढ्या दोन खुणांवर तो लाखांचे व्यवहार कसे करतो?

याचे उत्तर आपल्या जुन्या मापांत आहे. दशमान वजने-मापे येण्यापूर्वी आपल्याकडे धान्य कसे मोजीत, ते वडीलधाऱ्यांस आठवत असेल. गावोगाव थोडा फरक असे, पण सर्वसाधारण कोष्टक असे होते : दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट. निळव्यास १ धरले तर कोळवे २, चिपटे ४, मापटे ८, शेर १६, अधोली ३२ आणि पायली ६४. ही सात मापे जवळ असली की १ पासून १२७ निळव्यांपर्यंत कोणतेही धान्य मोजता येते, आणि त्यासाठी कोणतेही माप एकाहून अधिक वेळा भरावे लागत नाही. प्रत्येक मापाविषयी प्रश्न एकच : भरायचे की नाही? भरायचे तर एक, नाही तर शून्य. संगणकाची द्विमान पद्धती म्हणतात ती हीच.

अक्षरेही अशाच आकड्यांनी लिहिली जातात. १९६३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या संकेतानुसार प्रत्येक रोमन अक्षरास एक क्रमांक असून तो सात द्विमान अंकांत, म्हणजे आपल्या सात मापांत, मावतो. रोमन 'एच' या मोठ्या अक्षराचा क्रमांक ७२. म्हणजे एक पायली आणि एक मापटे. 'आय'चा ७३, त्यात एक निळवे अधिक. पुढे जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोड हा व्यापक संकेत झाला. त्यात आपल्या 'क'चा क्रमांक २३२५ आहे. हिशेब करून पाहावा : छत्तीस पायल्या, एक शेर, एक चिपटे आणि एक निळवे. नातीस हे कोष्टक सांगितले तेव्हा तिला ते नवे होते आणि आम्हांस दिव्यांची गोष्ट नवी होती. पण मोजणी दोघांची एकच निघाली.

रीत म्हणजे काय

दुसरी गोष्ट रीतीची. शाळेत आपण त्रैराशिकाची रीत, व्याजाची रीत शिकलो. रीत म्हणजे ठराविक पायऱ्यांनी उत्तरापर्यंत नेणारा मार्ग. संगणकशास्त्रात तिला अल्गोरिदम म्हणतात. नवव्या शतकात बगदाद येथे भारतीय अंकगणितावर ग्रंथ लिहिणारे अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून तो शब्द आला. अशी रीत यंत्रास कळेल अशा भाषेत लिहिली की आज्ञावली तयार होते.

यंत्रास सांगताना काहीही गृहीत धरता येत नाही. आपण हमालास म्हणतो, "गाडी खाली कर." त्यास अनुभव आहे, तो सर्व समजतो. यंत्रास मात्र असे सांगावे लागते : गाडीत पोते शिल्लक आहे काय ते पाहा, असेल तर एक उचल, थप्पीवर ठेव, थप्पी वीस पोत्यांची झाली असेल तर नवी थप्पी सुरू कर, पुन्हा पहिल्या पायरीस ये, पोते शिल्लक नसेल तर थांब. यात 'शिल्लक आहे काय' हा प्रश्न उचलण्यापूर्वी विचारला की नंतर, यावर बरेच अवलंबून असते. नंतर विचारला आणि गाडी रिकामीच आली, तर यंत्र नसलेले पोते उचलावयास जाईल. 'थांब' सांगितले नाही तर ते कधीच थांबणार नाही. आज्ञावलीतील दोष बहुधा अशा ठिकाणी असतो. यंत्र सांगितले तेवढेच करते. जो मनुष्य आपल्या नोकरास स्पष्ट काम सांगू शकतो, त्यास या विषयाचा निम्मा भाग आधीच येतो.

अभ्यासक्रमाचा आरंभ लहान मुलांसाठी केलेल्या 'स्क्रॅच' नावाच्या चित्रमय भाषेने होतो. नंतर 'सी' ही भाषा येते. ती १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी तयार केली. ती कडक शिस्तीची आहे. एक अर्धविराम राहिला तरी ती काम नाकारते. नवख्याचे पहिले काही आठवडे या शिस्तीशी जुळवून घेण्यात जातात. पुढे 'पायथन' ही सोपी भाषा येते, तेव्हा कडक गुरूजवळ आधी शिकल्याचा लाभ ध्यानी येतो.

निम्मे करण्याची शक्ती

मॅलन यांच्या वर्गातील एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ते हजार पानांची टेलिफोनची जाड वही घेतात, मधोमध उघडतात, शोधायचे नाव कोणत्या बाजूस आहे ते पाहतात आणि उरलेला अर्धा भाग फाडून टाकून देतात. पुन्हा निम्मे, पुन्हा निम्मे. एकेक पान उलटत गेल्यास हजार पाने पाहावी लागतील. निम्मे करीत गेल्यास सुमारे दहा वेळांत काम होते. वही दुप्पट जाड झाली तर एकच पायरी वाढते. एक कोटी नावांची यादी असली तरी चोवीस पायऱ्या पुरतात. अट एकच, नावे क्रमवार लावलेली असली पाहिजेत.

एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, या मोजणीस आपल्या परंपरेत फार जुने नाव आहे. नवव्या शतकाच्या आरंभी आचार्य वीरसेन यांनी षट्खंडागमावर धवला टीका लिहिली. त्या टीकेत यास 'अर्धच्छेद' म्हटले आहे. सोळाचे अर्धच्छेद चार, बत्तिसाचे पाच. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद हे त्यांच्या अर्धच्छेदांच्या बेरजेइतके असतात, हा नियमही तेथे आहे. मूडबिद्रीस ताडपत्रांवर जपलेला हा ग्रंथ डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाने १९३९ पासून सोळा भागांत छापून निघाला. प्राचीनांनी संगणक केला असा अर्थ यातून कोणी काढू नये. तसा तो निघत नाही. पण आजचा विद्यार्थी ज्या मोजणीने रीतीचा वेग ठरवितो, ती मोजणी आपल्या पूर्वसूरींना परकी नव्हती, एवढे निश्चित.

क्रम लावण्याचेही शास्त्र आहे. वर्षअखेर हजार पावत्या तारखेप्रमाणे लावायच्या आहेत. प्रत्येक वेळी उरलेल्यांतून सर्वांत जुनी पावती शोधून काढीत गेल्यास जवळजवळ पाच लाख वेळा दोन पावत्यांची तुलना करावी लागेल. त्याऐवजी गठ्ठ्याचे निम्मे-निम्मे भाग करीत जावे, लहान गठ्ठे लावावेत आणि लावलेले दोन-दोन गठ्ठे वरची पावती पाहून एकत्र करीत जावे. मग सुमारे दहा हजार तुलनांत काम होते. ही रीत १९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी सांगितली. संगणक तोच, पावत्या त्याच; रीत बदलली की श्रम पन्नासांश झाले.

यंत्राचा आकडा कोठे चुकतो

आता व्यापाऱ्याने विशेष लक्ष द्यावे असा भाग. संगणकाची बेरीज चुकत नाही अशी समजूत आहे. ती पूर्ण खरी नाही.

द्विमान पद्धतीत अपूर्णांक अर्धा, पाव, अर्धपाव, सोळावा हिस्सा असे उतरत जातात. म्हणून रुपयाचा सोळावा भाग, म्हणजे जुना आणा, यंत्रास अगदी अचूक लिहिता येतो. परंतु १ एप्रिल १९५७ पासून आपण रुपयाचे शंभर पैसे केले. एक दशांश किंवा एक शतांश या पद्धतीत पूर्ण लिहिताच येत नाही. एकास तीनने भागता जसे तीनावर तीन न संपता येत राहतात, तसेच येथे होते. यंत्र कोठे तरी तोडते आणि किंचित अंतर राहते. एका बेरजेत ते दिसत नाही, लक्षावधी बेरजांत साचते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेत असेच घडले. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजीत होते. शंभर तास सतत चालल्यावर साचलेला फरक सेकंदाच्या एक तृतीयांशापर्यंत गेला, येणारे क्षेपणास्त्र अडविता आले नाही आणि अठ्ठावीस सैनिक मरण पावले. म्हणून जाणता आज्ञावलीकार पैशाचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत किंवा खास दशमान पद्धतीत ठेवतो.

पूर्णांकासही मर्यादा आहे. सर्वसाधारण पूर्णांकास बत्तीस द्विमान अंकांची जागा मिळते आणि त्यात कमाल संख्या मावते ती २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. ऐकावयास ही मोठी वाटते. पण हिशेब पैशांत ठेवला तर ती केवळ २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे होते. आपल्यातील मध्यम पेढीची वार्षिक उलाढाल याहून अधिक असते. मर्यादेपुढे एक पैसा मिळविला की बेरीज बहुधा एकदम ऋण होते. उपाय सोपा आहे, मोठी जागा द्यावयाची. पण जागा किती दिली, हे विचारणारा कोणी तरी असला पाहिजे.

आकड्यांचा राखणदार

जुने मुनीम सांगत, ताळेबंद जुळत नसेल आणि फरकास नऊने पूर्ण भाग जात असेल, तर कोठे तरी शेजारचे दोन अंक उलटे पडले असावेत; ७२ चे २७ झाले की फरक ४५. या विचाराचा पुढचा टप्पा अभ्यासक्रमातील एका उदाहरणात भेटला. आय. बी. एम. कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये एक रीत पेटंटसाठी मांडली. बँकांच्या कार्डांचे क्रमांक आज तिनेच तपासले जातात. समजा, खात्याचा क्रमांक २७१५ आहे. उजवीकडून एक सोडून एक अंक दुप्पट करावा. दुप्पट दोन अंकी झाली तर त्या दोन अंकांची बेरीज घ्यावी. ५ ची दुप्पट १०, बेरीज १, १ तसाच, ७ ची दुप्पट १४, बेरीज ५, २ तसाच. एकूण ९. दहाची पूर्ती होण्यास १ हवा, म्हणून शेवटी १ जोडावा : २७१५१. आता कोणी चुकून ७२१५१ लिहिले तर तोच हिशेब जुळत नाही आणि यंत्र तत्काळ थांबविते. एकच अंक चुकला तर तो हमखास सापडतो. शेजारचे दोन अंक उलटले तर शून्य आणि नऊ ही जोडी सोडून सर्व सापडतात. आपल्या पंधरा चिन्हांच्या वस्तू व सेवा कर क्रमांकातील शेवटचे चिन्ह याच जातीचे राखणदार आहे. ते पुढे असलेला व्यापारी खरा की खोटा हे मात्र सांगत नाही. क्रमांक नीट लिहिला आहे एवढेच सांगते. हा भेद ज्यास कळला तो फसविला जाणे कठीण.

मुनीम ठेवला तरी

येथे कोणी विचारील की, आता तर कृत्रिम बुद्धीची यंत्रे स्वतःच आज्ञावल्या लिहितात. मग हे श्रम कशासाठी? प्रश्न योग्य आहे. याच अभ्यासक्रमात २०२३ पासून विद्यार्थ्यांसाठी असे एक साहाय्यक यंत्र ठेवलेले आहे. पण ते तयार उत्तर हाती देत नाही, प्रश्न विचारून विद्यार्थ्यास उत्तराकडे नेते. बाहेरच्या यंत्राकडून गृहपाठ लिहवून घेण्यास तेथे मनाई आहे. त्यामागील विचार व्यापाऱ्यास सहज पटेल. आपण मुनीम ठेवतो, म्हणून रोजमेळ वाचणे सोडून देतो काय? ज्या मालकास जमा-नावे कळत नाही, त्याची पेढी मुनिमाच्या प्रामाणिकपणावर आणि नशिबावर चालते. नवा मुनीम विलक्षण वेगवान आहे, झोपत नाही, पगार मागत नाही. तथापि तो चुकतो, आणि चुकताना त्याचा स्वर जराही बदलत नाही. त्याचे काम तपासण्यापुरती विद्या मालकाजवळ हवीच.

दुसरे कारण घरातले आहे. आपली मुले-मुली संगणक शिकून पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे जातात आणि ती व्यापारापासून तुटली असे आपण मानतो. त्यांचे काम आपणांस कळत नाही, आपले त्यांस कळत नाही. सणावारास भेट झाली तरी बोलणे प्रकृती आणि हवापाणी यांवर संपते. अभ्यासक्रमाच्या अखेरीस प्रत्येकास स्वतःची एक आज्ञावली करावी लागते. आम्ही दोघांनी पोत्यांचे वजन, बारदानाची वजावट, हमाली, तोलाई आणि आडत यांवरून हिशेबपट्टी काढणारी आज्ञावली केली. बारदान आधी वजा करायचे की हमाली आधी लावायची, यावर आमचा दोन संध्याकाळ वाद झाला. हमाली पोत्यावर असते, वजनावर नसते, हे तिला त्या वेळी कळले. आणि ओल्या मालाची तूट दाखविण्यास वेगळा रकाना हवा, हे मला तिने दाखविले. पेढीचे काम तिने एवढे बारकाईने यापूर्वी कधी विचारले नव्हते.

आरंभ कसा करावा

ज्यांस इच्छा होईल त्यांच्यासाठी चार सूचना. एक, रोज एक तासच द्यावा, पण रोज द्यावा. एक व्याख्यान सुमारे दोन तासांचे असते, ते तीन-चार बैठकांत ऐकावे. दोन, यंत्रास हात लावण्यापूर्वी रीत कागदावर मराठीत लिहावी आणि लहान आकडे घेऊन हाताने चालवून पाहावी. तीन, आज्ञावली चालली नाही तर ती ओळीओळीने कोणास तरी मोठ्याने समजावून सांगावी. त्या वर्गात यासाठी समोर रबराचे बदक ठेवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे घरातील कोणीही चालेल. चार, घरातील मुलगी, सून, नात जी कोणी शिकत असेल तिला बरोबर घ्यावे आणि तिच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

पावसाळ्यात नवा माल येईपर्यंत बाजारात आवक कमी असते आणि चातुर्मास हा आपल्याकडे स्वाध्यायाचाच काळ मानला आहे. त्या चार महिन्यांत पहिले पाच पाठ सहज होतात. नंतर पेढीच्या हिशेबाची आज्ञावली पुरविणारा मनुष्य समोर येईल, तेव्हा त्यास दोन प्रश्न अवश्य विचारावे : पैसे पूर्णांकात ठेवता की अपूर्णांकात? आणि आकड्यास जागा किती दिली आहे? तो काय उत्तर देतो आणि कसे देतो, यावरून आपल्या वह्या त्याच्या हाती द्याव्यात की नाही ते आपले आपणच ठरवावे.